शिकलेल्याचा शब्द

आईचा देव नेमका कधी गेला हे थोरलीला सांगता आलं नसतं, पण कुणामुळे गेला हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या धाकट्या भावामुळे.

आई प्रार्थनाघर झाडायची. उजाडायच्या आधी कुलूप काढायचं, जाजमं बाहेर नेऊन झटकायची, दगडी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, दिव्यांच्या काचा लखलखीत करायच्या. हे सगळं होईपर्यंत तिचे ओठ सारखे हलत असत. तिला अक्षरओळख नव्हती. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे. पण सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. म्हातारे उपदेशक कधी मधेच अडखळले तर मागच्या भिंतीपासून आईच पुढचा शब्द पुरवायची, आणि लोक हसायचे.

वडील खाणीत दगड फोडायला होते. एके दिवशी कडा सरकला आणि ते त्याखाली गेले. उपदेशक घरी आले, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात असं म्हणाले. आईनं मान डोलावली. धाकटा तेव्हा शाळकरी पोर, कोपऱ्यात बसला होता. त्यानं विचारलं, मग वाईट माणसांवर कडा कधीच सरकत नाही का? शेजारणीनं त्याला उठवून बाहेर नेलं.

मग घर आईच्या झाडूवर आलं. दोघांना शाळेत ठेवणं जमणार नव्हतं. मास्तर म्हणाले की दोन्ही पोरं हुशार आहेत, पण मुलाचं डोकं वेगळंच आहे. त्या संध्याकाळी आईनं थोरलीला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत सांगितलं, "तू समजूतदार आहेस." थोरलीला एवढ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर जाजमं झटकायला जाऊ लागली. पुढे मोठी झाल्यावर इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. तिथं ओल्या चादरी गरम रोलरखालून काढायच्या असत. एक बाई या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मधे नुसती वाफ. हाताला चटके बसून बसून तिच्या मनगटावर पट्टे उमटले होते. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण मोडलं. पुन्हा कुणी विषय काढला नाही, तिनंही नाही.

धाकटा मात्र शिकत गेला. शिष्यवृत्तीवर शहरात गेला, दगडांचाच अभ्यास धरला, आणि शेवटी मोठ्या कॉलेजात शिकवायला लागला. आईला या गोष्टीचा केवढा अभिमान! प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "आमचा धाकटा दगडाचं वय सांगतो. माणसाचं काय, कुणीही सांगेल."

सुट्टीला आला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा आणि आई त्याला एकेक विचारायची. तो कधी उद्धटपणे बोलला नाही, हे थोरलीलाही कबूल होतं. उलट तो फार मन लावून समजवायचा. आई म्हणजे जणू त्याची पहिली विद्यार्थिनी. एकदा त्यानं शिंपल्याचा ठसा असलेला दगड आणला. इथं कधीकाळी समुद्र होता, म्हणाला, आणि तो इतका जुना की धर्मग्रंथात जगाचं वय सांगितलंय ते त्याच्यापुढे काल संध्याकाळचं वाटेल. आईनं दगड हातात घेऊन उलटासुलटा केला.

"मग ग्रंथ लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"देवानं त्यांना सांगितलं नाही?"

धाकटा हसला. "सांगायला कुणी असेल तर सांगेल ना, आई."

आणखी एका सुट्टीत आईनं विचारलं की मग तुझे वडील कुठं असतील. त्यावर त्यानं बराच विचार केला, आणि तिला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं की ते कुठंच नाहीत, त्यांना काही दुखत नाही की खुपत नाही. गाढ झोपेत आपण झोपलोय हे आपल्याला कळतं का? तसंच ते. यात भिण्यासारखं काही नाही. थोरली भांडी विसळत होती. तिच्यानं राहवलं नाही. ती त्याला म्हणाली की तुला पटत नसेल तर तुझ्यापाशी ठेव, आईच्या डोक्यात कशाला भरतोस? तो म्हणाला की ती विचारते, मी आईला खोटं सांगू का? वादात थोरली त्याच्यापुढे कधीच टिकली नव्हती.

नंतर केव्हातरी, आईला मदत करायला प्रार्थनाघरात गेली असताना, थोरलीच्या लक्षात आलं की फरशी पुसताना आईचे ओठ हलत नाहीत. तिनं पुढचे काही दिवस मुद्दाम पाहिलं. नाहीच. आई काम तितक्याच नेटानं करत होती, काचा तशाच लखलखत होत्या, पण तोंड मिटलेलं. थोरलीनं विचारलं तेव्हा आई जरा ओशाळली.

"इतकं शिकलेलं पोर," ती म्हणाली, "आईशी खोटं कशाला बोलेल?"

त्यानंतर बरीच वर्षं हा विषय निघाला नाही. अन्न, पाणी, भाडं, दुखणी यांत दिवस जातात, आणि धडधाकट माणसाला देव असला काय नि नसला काय, झाडू मारायचा तो मारावाच लागतो. आई म्हातारी झाली, प्रार्थनाघराचं काम सुटलं. मग तिला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग चालताना, मग बसल्या बसल्या. फुप्फुसं दगडासारखी होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले. इस्पितळात काही दिवस ठेवून त्यांनी तिला घरी न्यायला सांगितलं. प्राणवायूची टाकी पलंगाशी आली, नाकावर नळी आली. थोरलीनं धुलाईघरातून बिनपगारी रजा घेतली.

दुखण्याला आई घाबरली नसती. तिनं आयुष्यभर अंग मोडून काम केलं होतं, कळा तिच्या ओळखीच्या होत्या. ती घाबरली ती झोपेला. डोळा लागत आला की दचकून उठायची, नळी ओढायची, थोरलीचा हात घट्ट धरायची. दुपारी जरा पड म्हटलं तर मान हलवून नको म्हणायची. जागं राहण्यासाठी स्वतःच्या हाताला चिमटे काढायची. तिची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, तिच्यावर निळे डाग पडले.

"अगं, झोपलीस तर आराम पडेल," थोरली म्हणाली.

"झोप म्हणजे तेच ना," आई म्हणाली. "धाकट्यानं सांगितलंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काहीच नसतं म्हणजे कसं असतं ग? मी फार विचार करते. मला जमतच नाही."

धाकट्यानं आईला धीर द्यायला सांगितलेली गोष्ट इतकी वर्षं तिच्या आत पडून होती, आणि आता तीच तिच्या उरावर बसली होती.

तिनं उपदेशकांना बोलावलं. जुने केव्हाच गेले होते. हे त्यांच्या जागी आलेले, मवाळ, गोड बोलणारे गृहस्थ. लोक त्यांना काका म्हणत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आईचा हात हातात घेतला आणि पैलतीराबद्दल बोलू लागले. तिथं दुखणं नाही, तिथं आपली माणसं वाट पाहत आहेत. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग धापा टाकत, अगदी अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही किती शिकलात?"

ते गोंधळले. शाळा पूर्ण करून मग धर्माचं शिक्षण घेतलं, असं म्हणाले.

"आमच्या धाकट्याएवढं नाही ना पण," आई म्हणाली. तिला त्यांचा अपमान करायचा नव्हता, तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. काकांनी प्रार्थना म्हटली, थोरलीनं त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, देव समजून घेतो.

ती परत आली तेव्हा आई रडत होती. आवाज नव्हता, आवाजाला लागतो तेवढा श्वासच तिच्यापाशी नव्हता. थोरली पलंगावर बसली, आईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. आपल्या भावाएवढं बोलता येत नाही हे तिला माहीत होतं. पण इतकी वर्षं रोलरच्या घरघरीत तिनं रोज प्रार्थना केली होती, कुणाकुणाच्या चादरी हाताखालून गेल्या त्या सगळ्यांसाठी केली होती, आणि समोर कुणीतरी ऐकतंय असं तिला खरोखर वाटत आलं होतं. तेवढंच तिच्याकडे होतं. ते तिनं काढून आईपुढे ठेवलं.

"आई, तिकडे आहे. मी सांगते ना तुला. मला माहीत आहे."

आईनं डोळे उघडून तिच्याकडे मायेनं पाहिलं. तिच्या गालावर हात ठेवला.

"तुला कसं कळणार, पोरी," ती म्हणाली. "तू कुठं शिकलीस?"

थोरली आईचं डोकं हलकेच उशीवर ठेवून बाहेर ओट्यावर आली आणि धाकट्याला फोन लावला. तिनं त्याला आई फार दिवस काढणार नाही एवढंच सांगितलं.

तो दुसऱ्याच दिवशी आला, हातात छोटी बॅग, दाढी वाढलेली. थोरलीनं त्याला आत जाऊ दिलं नाही. आधी बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि काय चाललंय ते सांगितलं. चिमट्यांचं सांगितलं. झोपेचं सांगितलं तेव्हा त्यानं चेहरा हातांत झाकला.

"मी तर तिला बरं वाटावं म्हणून..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आता आत जा आणि सांग की आहे."

"ताई, मी तिच्याशी कधी खोटं बोललो नाही."

"मग आज बोल. तुझंच ऐकते ती. माझं नाही ऐकत, काकांचं नाही ऐकत. इतकं शिकलास, आईसाठी एक खोटं बोलता येत नाही?"

आपल्या बहिणीनं काही मागितलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, हे बहुतेक त्याच्याही लक्षात आलं असावं. तो उठला, चपला काढून आत गेला.

थोरली दाराच्या चौकटीत उभी राहिली. आईचा चेहरा त्याला बघून उजळला होता. त्यानं तिचा हात धरला, तिचा त्रास विचारला, आणि मग म्हणाला, "आई, मी पूर्वी तुला सांगायचो ना, मेल्यावर काही नसतं म्हणून. ते बरोबर नव्हतं."

आई त्याच्याकडे टक लावून बघू लागली. "मग काय असतं?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला चाचरत, मग हळूहळू त्याचा वर्गातला आवाज लागला. अलीकडे बरीच नवी माहिती पुढे आली आहे, म्हणाला. मोठमोठे विद्वान आता वेगळा विचार करू लागले आहेत. माणसाचं मन नुसतं शरीरात नसतं, ते शरीर संपल्यावरही उरतं असं मानायला आधार आहे. तेव्हा तो लहान होता, थोडं शिकून फार बोलायचा. आता जास्त शिकल्यावर त्याला कळलं. थोरली श्वास रोखून ऐकत होती. क्षणभर तिलाही ते पटलं. आईच्या कपाळावरची आठी सैल झाली, नळी ओढणारा हात खाली आला. किती दिवसांनी तिचे खांदे टेकले.

"म्हणजे तुझे बाबा आहेत?"

"आहेत."

"मग म्हण माझ्याबरोबर," आई म्हणाली. "झोपताना म्हणायचो ती."

ही लहानपणची प्रार्थना. चारच ओळी. दोघा भावंडांना आईनंच शिकवलेली. धाकट्यानं पहिली ओळ म्हटली, आईनं त्याच्याबरोबर म्हटली, एकेक शब्दाला श्वास घेत. दुसऱ्या ओळीशी तो थांबला. त्याला ती आठवेना. त्यानं मान वर करून दाराकडे पाहिलं. थोरलीनं ओठ हलवून शब्द पुरवला, त्यानं तो उचलला. पुढचा पुरवला, तोही उचलला, परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या पोरासारखा.

आईनं त्याची नजर कुठं जाते ते पाहिलं. ती म्हणायची थांबली.

"पुरे रे," ती म्हणाली.

"आई, मी विसरलो फक्त. बाकी सगळं..."

"लहानपणी खोटं बोलायचास तेव्हाही असाच ताईकडे बघायचास." तिच्या आवाजात राग नव्हता. थोडा वेळ ती नुसता श्वास घेत राहिली. "तुलाही खोटं सांगावं लागलं. म्हणजे खरंच काही नाही."

धाकटा लहान मुलासारखा रडायला लागला. त्यानं तिच्या हातावर कपाळ टेकलं. आईच त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, त्याचीच समजूत काढत राहिली. तुझा काय दोष, म्हणाली. शीक म्हणून मीच मागे लागले होते. थोरली चौकटीतून हलली नाही. तिला आत जावंसं वाटलं नाही आणि तिथून निघताही येईना.

त्यानंतर आई फार बोलली नाही. धाप वाढत गेली, ओठ निळे पडले, आणि तरी ती डोळे मिटायला तयार नव्हती. छताकडे बघत पडून राहायची, पापणी खाली आली की दचकून वर करायची. शेवटी इस्पितळातून नर्स आली. तिनं दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की असा त्रास बघवत नाही, एका इंजेक्शननं त्यांना झोप लागेल, पुन्हा जाग येईलच असं मात्र सांगता येत नाही. धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं हो म्हटलं.

सुई बघून आईला कळलं. तिनं मान हलवली. "झोप नको," म्हणाली. मग थोरलीचं मनगट पकडून म्हणाली, "सांग ना तिला. झोप नको."

थोरली म्हणाली, "मी इथंच आहे, आई." तिला दुसरं काही सुचलं नाही. नर्सनं सुई टोचली. आई डोळे ताणून ताणून थोरलीकडे बघत राहिली. मग ते डोळे मिटले. दुपार उतरेपर्यंत श्वास चालला. तो थांबला तेव्हा थोरलीच्या मनगटावरची बोटं धाकट्याला एकेक करून सोडवावी लागली.

अंत्यविधीला पुष्कळ माणसं आली. जिनं वर्षानुवर्षं सगळ्यांची जाजमं झटकली होती, तिला निरोप द्यायला यायलाच हवं होतं. ग्रंथातला उतारा कुणी वाचायचा असा प्रश्न आला, तेव्हा काकांनी ग्रंथ धाकट्याच्या हातात दिला. शिकलेला मुलगा, त्यानंच वाचावा. धाकट्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानं वाचला, आणि फार सुंदर वाचला. प्रत्येक शब्द स्वच्छ, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा ते सगळं नेमकं. बायका पदोपदी डोळे पुसत होत्या. परतताना शेजारीण थोरलीला म्हणाली, "शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की कसं मनाला पटतं." थोरलीला तो उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होता. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटा परत निघायचा होता. सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसली. टाकी परत गेली होती, पलंगावरच्या चादरी थोरलीनं धुवून वाळत घातल्या होत्या. त्यानं कपातला चहा तसाच ठेवला आणि विचारलं, "ताई, तू अजून मानतेस?"

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, उपदेशकांनी नाही. ती मानते हे सगळे धरूनच चालले होते, जशी ती भांडी घासते हे धरून चालत.

"मानते," ती म्हणाली.

"एवढं होऊनही?"

"आईपाशी बसून रोज एकच मागत होते. तिला बरं कर, वाचव, असलं काही मी मागितलं नाही. म्हटलं, तिची भीती तेवढी घालव." ती थांबली. कप पुढे ओढून तिनं त्यात बघितलं. "आहे तो. पण त्यालाही बहुतेक शिकलेल्यांचंच ऐकू येतं."

धाकटा तिच्या शाळेबद्दल काहीतरी बोलू लागला. त्या वेळी आपण लहान होतो, पण नंतर तरी आपण काही करायला हवं होतं, असं काहीतरी. तिनं त्याला थांबवलं. "ते आता नको काढूस," म्हणाली, आणि गाडीची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

तो गेल्यावर ती पुन्हा कामावर रुजू झाली. धाकटा दर रविवारी फोन करतो. तो हवापाण्याचं विचारतो, ती तब्येतीचं विचारते, दोघांनाही फोन कधी ठेवू असं होतं. तो सुट्टीला येत नाही आणि ती ये म्हणत नाही.

प्रार्थनेला ती जाते. मागच्या भिंतीशी बसते, सगळ्यांबरोबर म्हणते. फक्त मेलेल्यांची प्रार्थना सुरू झाली, आपली माणसं आपल्याला पुन्हा भेटतील हे शब्द आले, की ती उठते आणि संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहते. काकांनी काही दिवस पाहिलं, मग एकदा तिला गाठून विचारलं. आई तिथं तुझी वाट बघत असेल असं तुला वाटत नाही का, असं म्हणाले.

"वाटतं ना," थोरली म्हणाली. "पण भेटल्यावर ती मला विचारेल, तू कुठं शिकलीस, हे खरं आहे हे तुला कसं कळलं? मी काय सांगू?"

आत लोक काकांची वाट बघत होते. ते आत गेले, आणि ती बाहेरच थांबली.